गणपुल्यांच्या चाळीस चटया

पटांगणासाठी शंभर चटया मंजूर झाल्या, आणि पुढे यथावकाश रेणू गव्हाणे ही भिंतीवर न आपटता थांबणारी तांबडमाळवरची पहिली मुलगी ठरली.

हे वाक्य विसरून जा. असं काही झालेलं नाही. तांबडमाळच्या कोठारातल्या फळ्यावर आत्ता फक्त एवढंच लिहिलेलं आहे: 'नवे पटांगण चौरसाकृती. बाजू दहा मीटर. कडेची पट्टी चाळीस मीटर. चटया चाळीस.' आणि रेणू त्या फळ्याकडे पाहत उभी आहे. कुणीतरी आपल्या ताटातली पुरणपोळी उचलून नेली आणि वर हात पुसायला आपलाच रुमाल मागितला, असं तिचं तोंड झालेलं आहे.

तांबडमाळ ही मंगळावरची मराठी वस्ती. बाहेर श्वास घेण्याजोगी हवा नाही, म्हणून सगळं आयुष्य बंद दालनांत. ही दालनं छापणारं यंत्र पहिल्या यानातून आलं होतं आणि त्याला एकच माप येत होतं: चार मीटर लांब, चार मीटर रुंद. त्यामुळे तांबडमाळवर शाळा चार बाय चार, दवाखाना चार बाय चार, आणि संडाससुद्धा चार बाय चार. तिथे बसलेल्या माणसाला इतकी ऐसपैस जागा मिळे की एकटं एकटं वाटे.

मोठ्यांना याचं काही नव्हतं. पोरांचे मात्र हाल होते. मंगळाचं गुरुत्वाकर्षण (ग्रह आपल्याला ज्या ओढीने खाली धरून ठेवतो ती ओढ) पृथ्वीच्या निम्मंही नाही. एक ढांग टाकली की माणूस उडत उडत समोरच्या भिंतीवर. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरकं धावलं (या तिरक्या रेषेला कर्ण म्हणतात) तर साडेपाच मीटरांहून थोडं जास्त मिळे. मग कोपरा. रेणूच्या कपाळावर डाव्या बाजूला एक कायमचं टेंगूळ होतं आणि तिची आई केस विंचरताना त्याला वळसा घालून भांग पाडायची.

आता नवं यंत्र आलं होतं. त्याने बाजू दहा मीटर असलेलं, वर पारदर्शक घुमट असलेलं पटांगण छापलं होतं. पण खालचा खडक काचेसारखा धारदार. नियम असा की पूर्ण जमीन रबरी चटयांनी झाकल्याशिवाय एकाही मुलाने आत पाऊल टाकायचं नाही. रबर मंगळावर मिळत नाही. ते पृथ्वीवरून येणार, आणि ते यान आज संध्याकाळी निघणार. पोचायला सात-आठ महिने. त्यानंतरचं यान दोन वर्षांनी.

रेणू अकरा वर्षांची होती. तांबडमाळवर तेरावं पूर्ण झालं की खेळ बंद, रोपघरातली पाळी सुरू. हा हिशेब तिने फार पूर्वीच करून ठेवला होता. या यानाने चटया आल्या तर ती धावणार. नाही आल्या तर ती धावायची राहिली ती कायमचीच.

आणि फळ्यावर लिहिलं होतं, चटया चाळीस.

फळ्यावरचं अक्षर गणपुल्यांचं. गणपुले हे यंत्रमानव होते. त्यांचं खरं नाव 'गणन, पुरवठा व लेखा यंत्र', पण एवढं मोठं नाव घ्यायला हवा खर्च होते म्हणून लोकांनी गणपुले केलं. पहिल्याच यानातून आल्यामुळे ते वस्तीत सगळ्यांना ज्येष्ठ. कोठार त्यांच्याकडे, हिशेब त्यांच्याकडे, शाळेत गणितही तेच शिकवत. त्यांच्या छातीवर 'ऊर्जाबचत पदक' लावलेलं होतं आणि बोलताना ते जरा पुढे वाकत, म्हणजे समोरच्याला पदक नीट दिसावं.

रेणूने अगोदर दिनकरमामाला गाठलं. मामा वस्तीचा प्रमुख होता. त्याने फळा पाहिला, डोळे मिटले आणि गणपुल्यांचं अकरा वर्षांत एकदाही चुकलेलं नाही असं सांगितलं. हे खरं होतं. मामाने आणखी असंही सांगितलं की गणपुल्यांना आज उगाच छेडू नकोस, संध्याकाळी आमचा बुद्धिबळाचा डाव आहे. हेही खरं होतं. मामा रोज संध्याकाळी गणपुल्यांशी बुद्धिबळ खेळे आणि रोज जिंके. एवढं हुशार यंत्र मामाकडून कसं हरतं, हा प्रश्न सगळ्यांना पडे, पण मामाने तो कुणाला मोठ्याने विचारू दिला नव्हता.

तेव्हा रेणू एकटीच कोठारात शिरली.

"गणपुले, चटया चाळीस कशा?"

"बाजू गुणिले चार," गणपुले म्हणाले. "दहा चोक चाळीस."

"आणि पट्टी?"

"तीही दहा चोक चाळीस. एकदाच काढलं, दोन्हीकडे लिहिलं. ऊर्जा वाचली." ते पुढे वाकले.

रेणूने एक मोठा श्वास घेतला. तांबडमाळवर मोठा श्वास घेणं उधळपट्टी समजली जाते, पण इलाज नव्हता. पट्टी आणि चटया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ती सांगू लागली. पट्टी लागते कडेला. चौरसाच्या (ज्याच्या चारही बाजू सारख्या आणि चारही कोपरे काटकोनाचे, त्या आकृतीच्या) कडेकडेने चालत निघालो आणि पुन्हा निघालो तिथेच आलो, तर जेवढं अंतर चाललो ती त्याची परिमिती. बाजू चार, म्हणून बाजू गुणिले चार. इथवर गणपुले बरोबर. चटई मात्र पसरावी लागते आत. कडेच्या आतली सगळी जागा म्हणजे क्षेत्रफळ. ते काढायचं तर एका ओळीत किती चटया बसतात आणि अशा ओळी किती, यांचा गुणाकार करायचा. म्हणजे बाजू गुणिले बाजू.

गणपुल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रात्यक्षिक करू म्हणाले.

कोठाराची जमीन चटयांनी झाकलेली होतीच. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशा चटया, पटांगणासाठी येणार होत्या तशाच. रेणूने मोजल्या. एका ओळीत चार, ओळी चार. सोळा. मग ती भिंतीला खांदा घासत कडेने चालली आणि गणपुल्यांनी अंतर मोजलं. सोळा मीटर.

"सोळा," गणपुले म्हणाले. "आणि सोळा."

रेणूने त्यांना शेजारच्या दवाखान्यात नेलं. तिथेही सोळा आणि सोळा. शाळेत नेलं. तिथेही तेच. संडासाचं दार वाजवलं, आत पाटील डॉक्टर होते, त्यांनी आतूनच मोजून सांगितलं, सोळा आणि सोळा, आणि आता जा म्हणाले. तांबडमाळवर जे जे म्हणून मोजण्यासारखं होतं ते ते गणपुल्यांच्या बाजूने साक्ष देत होतं.

तेव्हा कुठे रेणूच्या लक्षात आलं की अकरा वर्षांपूर्वी काय झालं असेल. वस्तीत ऊर्जा वाचवायची मोहीम निघाली. गणपुल्यांनी पाहिलं की परिमितीचं उत्तर आणि क्षेत्रफळाचं उत्तर प्रत्येक वेळी एकच येतं. मग दोन दोन गणितं कशाला? त्यांनी एक गणित कायमचं बंद करून टाकलं. त्याबद्दल पदक मिळालं. आणि नंतर चार मीटरखेरीज दुसरा चौरस कधी समोर आलाच नाही, त्यामुळे चूक अकरा वर्षं बरोबर येत राहिली.

तिला स्वतःचीही जराशी लाज वाटली. कारण शाळेतली सगळी शाब्दिक उदाहरणं गणपुलेच घालत. 'एका चौरसाकृती दालनाची बाजू चार मीटर आहे, तर त्याच्या जमिनीला किती चटया लागतील?' 'एका चौरसाकृती दालनाची बाजू चार मीटर आहे, तर त्याला कडेने किती मीटर दोरी लागेल?' वर्गातली पोरं उदाहरण न वाचताच सोळा लिहीत आणि पैकीच्या पैकी गुण घेत. रेणूनेही तेच केलं होतं. चटया म्हटलंय की दोरी म्हटलंय, हे तिने आज पहिल्यांदाच पाहिलं.

पण लाज वाटून घ्यायला वेळ नव्हता. तिने दुसरीकडून सुरुवात केली. एक सोळा हे सोळा मीटर आहेत, म्हणजे लांबी. दुसरे सोळा हे चौरस मीटर आहेत, म्हणजे जागा. आकडा सारखा आला म्हणून वस्तू सारखी होत नाही. सोळा भाकऱ्या आणि सोळा मिनिटं यांत नुसता सोळा सारखा आहे. भूक लागल्यावर मिनिटं खाता येत नाहीत.

"मी दोन्ही खात नाही," गणपुले म्हणाले.

रेणूने कपाळावरच्या टेंगळाला हात लावला. राग आला की ते दुखायचं.

तिने जमिनीवर खडूने पाच मीटर बाजूचा चौरस काढायला घेतला. चार मीटर झाल्यावर भिंत आली. मग तिने पाटीवर दहा बाय दहाच्या चौकटी आखून दाखवल्या. गणपुले म्हणाले, ही पाटी आहे, पटांगण नव्हे, आणि कोठारखात्यात प्रत्यक्ष वस्तूशिवाय नोंद होत नाही. तोवर यानातून निरोप आला की सामानाची यादी लवकर पाठवा. मंगळावरून पृथ्वीवर निरोप प्रकाशाच्या वेगाने जातो. विश्वात त्याहून वेगवान काही नाही, तरी त्या दिवसांत त्याला पंधराएक मिनिटं लागत होती. म्हणजे शेवटच्या क्षणाच्याही पंधरा मिनिटं अगोदर शेवटचा क्षण होता.

तेवढ्यात दिनकरमामा बुद्धिबळाचा पट काखेत मारून आत आला. त्याने पट मांडला, सोंगट्या लावल्या आणि हात चोळत बसला. गणपुले त्याच्यासमोर बसले.

चार-पाच चाली रेणूने नुसत्याच पाहिल्या. मग ती पुढे सरकली. गणपुल्यांचं प्यादं पटाच्या मध्यापर्यंत आलं आणि थांबलं. घोडा तिथवर आला आणि मागे फिरला. उंटाला समोर मामाचा वजीर फुकट मिळत होता, तरी उंट हलला नाही. गणपुल्यांची एकही सोंगटी चौथ्या ओळीच्या पलीकडे जात नव्हती.

"गणपुले," रेणूने हळूच विचारलं, "या पटावर घरं किती?"

"बाजू आठ घरांची. आठ चोक बत्तीस."

मामाने घाईघाईने म्हटलं की पोरीला झोपायची वेळ झाली. सूर्य अजून मावळलाही नव्हता.

"आणि मामा बसलाय ती बाजू?"

"ती पटाबाहेर आहे," गणपुले म्हणाले. "मामासाहेब पहिल्या दिवसापासून पटाबाहेरून खेळतात. ते वस्तीचे प्रमुख, म्हणून मी कधी तक्रार केली नाही."

रेणूने मामाकडे पाहिलं. मामाने छताकडे पाहिलं.

तिने कोठारातली स्क्रूंची बरणी आणली, सोंगट्या बाजूला सारल्या आणि बरोबर बत्तीस स्क्रू मोजून गणपुल्यांच्या हातात दिले. प्रत्येक घरात एक ठेवायचा, आपल्या बाजूने सुरुवात करायची. ही प्रत्यक्ष वस्तू होती, त्यामुळे गणपुल्यांना नाही म्हणता येईना. त्यांनी पहिली ओळ भरली, आठ. दुसरी, आठ. तिसरी. चौथी. हात रिकामा झाला.

"पट संपला," ते म्हणाले.

"पट नाही संपला, गणपुले. स्क्रू संपले."

गणपुल्यांचा हात तसाच पटावर राहिला. समोर चार ओळी रिकाम्या होत्या, काळ्या-पांढऱ्या, अगदी पहिल्या चार ओळींसारख्याच. रेणूने बरणी पुढे सरकवली. त्यांनी एकेक स्क्रू ठेवायला सुरुवात केली. पाचवी ओळ, सहावी, सातवी, आठवी. आणखी बत्तीस लागले. आठ ओळी, प्रत्येकीत आठ. आठ आठी चौसष्ट.

त्यांनी पटावरचे सगळे स्क्रू पुन्हा एकदा मोजले.

"म्हणजे मामासाहेब पटावरच होते," ते शेवटी म्हणाले.

"अकरा वर्षं."

"आणि तो वजीर फुकट मिळत होता."

मामा म्हणाला की खेळात असं चालायचंच.

रेणूने आता सोडलं नाही. पटाचं झालं तेच पटांगणाचं होणार, ती म्हणाली. एका ओळीत दहा चटया. चाळीस चटयांत चार ओळी होतील आणि चटया संपतील. पटांगण संपणार नाही. पुढच्या सहा ओळी धारदार खडक. तिथे मुलांना सोडणार का?

"दहा ओळी, प्रत्येकीत दहा," गणपुले सावकाश म्हणाले. "दहा दाहे शंभर. नोंद घेण्यात आली आहे." त्यांनी फळ्यावरचे चाळीस पुसले आणि शंभर लिहिले.

रेणूला इतका आनंद झाला की तिने एक उडी मारली आणि छताला डोकं लागलं. खाली येते तर गणपुल्यांनी पट्टीपुढचे चाळीसही पुसले होते आणि तिथेही शंभर लिहिले होते.

"हे काय?"

"बाजू गुणिले बाजू," गणपुले उत्साहाने म्हणाले. "नवा नियम. एकदाच काढायचं, दोन्हीकडे लिहायचं."

रेणू मटकन खाली बसली. यानात उरलेली जागा जेमतेम होती. साठ मीटर जादा पट्टी चढवायची तर तेवढ्या वजनाच्या चटया उतरवाव्या लागणार होत्या. निरोपयंत्रावर पृथ्वीवरच्या यानवाल्यांचा दिवा लुकलुकायला लागला होता. तिला वाटलं, आपण म्हातारं व्हावं, रोपघरात मेथी खुडत बसावं आणि कुणी पटांगण म्हटलं की कानावर हात ठेवावेत.

मग तिने जमिनीवरची एक चटई उचलली. एकच. ती गणपुल्यांसमोर ठेवली.

"ही चौरस आहे. बाजू एक मीटर. हिची जागा झाकायला किती चटया?"

"एक एके एक. एक चटई."

"बरोबर. आता हिच्या कडेने पट्टी लावा."

गणपुल्यांनी नव्या नियमाप्रमाणे एक मीटर पट्टी कापली आणि लावली. एक कड झाली. तीन कडा उघड्या राहिल्या. ते चटईभोवती फिरून पुन्हा त्याच कडेशी आले, जणू मधल्या काळात पट्टी वाढली असेल. वाढली नव्हती. त्यांनी आणखी एक मीटर कापली, मग आणखी एक, मग आणखी एक.

"चार," ते म्हणाले. "पट्टी चार आणि चटई एक."

"म्हणून दोन नियम लागतात. आधी उदाहरणात काय विचारलंय ते बघायचं. कडेने फिरायचंय, कुंपण घालायचंय, झालर लावायचीय, तर परिमिती, बाजू गुणिले चार. आत पसरायचंय, रंगवायचंय, पेरायचंय, तर क्षेत्रफळ, बाजू गुणिले बाजू. दोन्ही वेगवेगळं काढायचं. दर वेळी."

"ऊर्जा दुप्पट लागेल," गणपुले खिन्नपणे म्हणाले.

"लागू दे."

गणपुले स्वतःहूनच पुढे तपासत बसले. बाजू दोन असेल तर पट्टी आठ, चटया चार. बाजू तीन, पट्टी बारा, चटया नऊ. बाजू चार, पट्टी सोळा, चटया सोळा. बाजू पाच, पट्टी वीस, चटया पंचवीस. चारच्या अलीकडे पट्टीचा आकडा मोठा, पलीकडे चटयांचा मोठा, आणि मधोमध चार मीटरशी दोन्ही आकडे गळ्यात गळा घालून उभे. विश्वातल्या सगळ्या चौरसांमधून तांबडमाळच्या यंत्राला नेमकं हेच एक माप येत होतं. गणपुले त्या सोळा-सोळाकडे कितीतरी वेळ पाहत राहिले.

मग फळ्यावर लिहिलं गेलं: पट्टी चाळीस मीटर. चटया शंभर. गणपुल्यांनी शिक्का मारला आणि निरोप गेला. पंधरा मिनिटं जायला, पंधरा यायला. तेवढ्या वेळात मामा सोंगट्या लावत होता. अखेर उत्तर आलं, चटया चढवल्या आहेत, आणि रेणू भिंतीला टेकून बसली ती तशीच हसत राहिली.

गणपुल्यांनी छातीवरचं पदक काढून मामासमोर ठेवलं. मामाने विचार केला. पट्टीचा हिशेब अकरा वर्षं बरोबरच होता, तेव्हा त्याने पदक कात्रीने मधोमध कापलं आणि अर्धं परत लावलं.

नंतर डाव झाला. गणपुल्यांच्या वजिराने मधली रेषा ओलांडली, जरा थबकला, नव्या प्रदेशात इकडे तिकडे पाहिलं आणि मामावर मात केली. मामाने दुसरा डाव मागितला. तोही गेला. तिसऱ्या डावानंतर मामा म्हणाला की त्याला आता बुद्धिबळात पूर्वीसारखी गोडी राहिली नाही.

विषय बदलावा म्हणून त्याने पुढच्या पटांगणाची गोष्ट काढली. नवं यंत्र वीस मीटर बाजूसुद्धा छापू शकतं म्हणे.

रेणूने लगेच हिशेब केला, आणि या वेळी कुणी सांगायच्या आधीच दोन्ही केले. पट्टी ऐंशी मीटर, म्हणजे आजच्या दुप्पट. चटया चारशे, म्हणजे आजच्या चौपट. तिने पुन्हा करून पाहिलं. तेच आलं. बाजू दुप्पट केली तर भिंत फक्त दुप्पट लागते, आणि आतली जागा मात्र चौपट मिळते. दुप्पट भिंतीत चौपट धावणं. तिच्या मागून शाळेत येणाऱ्या पोरांच्या कपाळांना टेंगळं येणारच नव्हती.

"मामा, मग आता नव्या यंत्राने लहान लहान दालनं छापायचीच कशाला?"

ते गणपुल्यांना विचार, मामा म्हणाला.

पण गणपुले कामात होते. ते कोपऱ्यात बसून एक अर्ज तयार करत होते. तो त्यांनी त्याच रात्री पृथ्वीवर धाडला. अर्ज असा होता:

'प्रति, संख्यांचा कारभार जे कोणी पाहत असतील ते. विषय: चार या संख्येच्या निलंबनाबाबत. महोदय, चौरसाची बाजू चार असताना परिमिती व क्षेत्रफळ यांचे आकडे एकसारखे दाखवून सदर संख्येने प्रस्तुत कर्मचाऱ्याची सलग अकरा वर्षे दिशाभूल केली असून त्यापायी एक वजीर व अर्धे पदक यांचे नुकसान झाले आहे. सबब चौकशी पूर्ण होईपर्यंत चार या संख्येस कामावरून दूर ठेवण्यात यावे. त्या काळात तिचे काम तीन व पाच यांच्यात समान वाटून देण्यात यावे आणि खुर्च्या, टेबले व गायी यांना पायांच्या बाबतीत तात्पुरती सवलत देण्यात यावी, ही नम्र विनंती.'